रुमालाखालची बोटं

चाचा स्वतःला लोभी म्हणवून घेत. विनयाने म्हणत असतील असं समजून मी सुरुवातीला सभ्यपणे हसत असे. पुढे कळलं की ते अगदी खरं बोलत होते. वाशीच्या फळबाजारात त्यांचा आंब्याचा गाळा होता. सकाळी कोकणातून आलेली पहिली चांगली पेटी उघडली की ते पेंढ्यात हात घालून सगळ्यांत उत्तम फळ बाहेर काढत, देठाशी नाक नेत आणि डोळे मिटत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही येई ते इतकं खासगी असे, की जवळ उभ्या असलेल्या माणसाने नजर वळवावी. मग तो आंबा ते शेजारच्या एका पेटीत ठेवत. ती पेटी विकायची नसे, द्यायची असे. "पोटात कसं तुटतं बघा," ते मला म्हणत. "लोभी माणूस हाय मी. आज पण तुटलं."

आम्ही वाशीच्या एका जुन्या इमारतीत एकाच मजल्यावर राहत होतो. नोकरी संपल्यावर सकाळचं फिरणं म्हणून मी त्यांच्या गाळ्यापर्यंत जात असे. साखरेच्या आजारामुळे डॉक्टरांनी त्यांचा आंबा बंद केला, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं चाचा, आता देणं सोपं जाईल." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "उलटं झालं. खायचा नाय म्हणून तर ठेवून घ्यावासा वाटतो. लोभाला खायचं नसतं साहेब. लोभाला फक्त ठेवायचं असतं." मी आयुष्यात या विषयावर बरंच काही वाचलं आहे. एवढ्या थोडक्यात कुठे वाचल्याचं आठवत नाही.

बाजार उठताना मऊ पडलेली, डागी फळं फाटकाबाहेरच्या लोकांना वाटायची पद्धत होती, अजूनही आहे. वाटणाऱ्यांचे चेहरे त्या वेळी फार प्रसन्न असतात. चाचा त्यात कधी नसत. आपल्याला कोणी दिलं तर आपण नाक मुरडून, डोळे झाकूनच घेऊ, तसलं दुसऱ्याला देऊ नये, असं ते म्हणत, आणि वर म्हणत, "हे माझं नाय. वरून आलंय." मी संशयी माणूस. कुराणाचं मराठी भाषांतर मिळवून पाहिलं. होतं तसंच. आपल्याला आवडतं त्यातलं दिल्याशिवाय चांगुलपणा हाती लागत नाही, असंही होतं. जकात, म्हणजे शिलकीतला गरिबांचा वाटा, ही ठरलेली, ती चुकवायची सोयच नाही, म्हणून तिला चाचा दान मानतच नसत. त्यापलीकडे जे द्यायचं त्याच्याशी त्यांचं रोजचं भांडण होतं. माणसाच्या आत बसून 'मला, मला' करणाऱ्या त्या नफ्सला ते भाडेकरू म्हणत. "भाडं देत नाय, खोली सोडत नाय, आणि रोज सकाळी वर येऊन विचारतो, आज काय आणलं? त्याला काल हरवला, ते आज चालत नाय. परत पहिल्यापासून. दमायला होतं हो."

हे दमणं खरं होतं. दान करणारे पुष्कळ पाहिले. ते ताजेतवाने दिसतात. चाचा पेटी बाजूला ठेवली की गोणपाटावर बसून घेत.

हजला जाऊन आल्यावर बाजारात त्यांना कोणी 'हाजीसाहेब' म्हटलं, तर ते मागे वळून दुसऱ्या कोणाला हाक मारली का ते बघत. मला एकदा म्हणाले, "तुमी काशीला जाऊन आलात तर तुमाला कोण काशीकर म्हणतं काय?" आमच्या सोसायटीच्या गणपतीला ते वर्गणी देत, पण पावतीवर 'एक रहिवासी' असं लिहून घेत, आणि आरतीनंतर ध्वनिक्षेपकावरून नावं वाचली जात तेव्हा 'एक रहिवासी' हे नाव फार वर येई. पुढे आमच्या इमारतीतल्या निदान तीन गृहस्थांनी, हा रहिवासी आपणच, असा समज लिफ्टमध्ये पसरू दिला. चाचांना ते सांगितलं तर म्हणाले, "घेऊ दे. तेवढं तरी घेतलं कोणी."

त्यांच्या डाव्या खांद्यावर कायम एक चौकड्यांचा रुमाल असे. फळबाजारात पूर्वी भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हातात हात घालत, बोटं दाबून आकडा ठरवत, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना दोन निर्विकार चेहऱ्यांपलीकडे काही दिसत नसे. ही पद्धत आता बरीचशी मोडीत निघाली. चाचांचा रुमाल मात्र राहिला. वाटेत कोणी भेटला, सलाम झाला, की ते रुमाल हातावर ओढून घेत आणि मग हातात हात देत. आम्ही थट्टा करायचो, की चाचा मशिदीबाहेरही भाव करतात. ते म्हणत, "सवय हो. मोडत नाय."

चाची, म्हणजे त्यांची बायको, दुपारी दार उघडं टाकून लसूण सोलत बसत. त्यांच्याकडे तुर्भ्याहून, कोपरखैरण्याहून बायका येत. चाची ओढणीचा पदर पुढे घेत, त्याखाली येणारीचा हात धरत आणि विचारत, "कशी हायेस गो?" मग चहा. मग पोरांची, सांधेदुखीची चर्चा. मला वाटे, बाई लोकप्रिय आहेत.

दोन वर्षांपूर्वी चाची गेल्या. चाळिसावा दिवस झाला, येणंजाणं थांबलं आणि आमचा मजला एकदम शांत झाला. एके दुपारी शमीम नावाची बाई चाचांच्या दारात आली. बाजारात पेट्यांमध्ये पेंढा भरायचं काम करणारी, नवरा वारलेला, कोपरखैरण्याला एका खोलीत मुलीबरोबर राहणारी. मुलगी नर्सिंगच्या कॉलेजात होती. "या, बसा," चाचा म्हणाले. ती बसली. दार उघडं होतं, समोर माझ्या दारात मी पेपर वाचत होतो, मला सगळं दिसत होतं. तिने पाणी प्यायलं, इकडेतिकडे बघितलं आणि "येते चाचा" म्हणून निघून गेली. थोड्या वेळाने चाचा माझ्याकडे आले आणि खुर्चीवर बसून राहिले.

"ती मागायला आली होती," ते म्हणाले.

"काय?"

"तेच तर कळलं नाय. आता कळणार पण नाय."

मग त्यांनी मला सांगितलं. कदाचित कोणाला तरी सांगायची वेळ आली होती म्हणून, आणि मला सांगण्याचं कारणही त्यांनी तोंडावर दिलं. "तुमी देणाऱ्यातले नाय, घेणाऱ्यातले नाय. तुमाला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय." रुमालाखाली भाव होत नव्हता. गरजू माणूस चाचांचं एक बोट दाबत असे. अंगठा म्हणजे घरात धान्य नाही. पहिलं बोट औषधाचं. मधलं शाळा-कॉलेजचं. करंगळीशेजारचं खोलीच्या भाड्याचं. करंगळी दाबली तर दुसरंच काहीतरी आहे आणि कृपा करून विचारू नका. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याकडून गोणी जाई, औषधवाल्याकडचं बिल मिटलेलं असे, आंब्याच्या दिवसांत वर ती पेटी. मागणाऱ्याला तोंड उघडावं लागत नसे, आणि शेजारून जाणाऱ्याला दोन माणसं सलाम करताना दिसत. उजव्या हाताने दिलेलं डाव्यालाही कळू नये, हे चाचांनी इतकं मनावर घेतलं होतं. परक्या बाईचा हात त्यांनी धरणं शक्य नव्हतं, म्हणून बायकांची बाजू चाचींची. चाची गेल्या आणि तो अर्धा दरवाजा बंद झाला.

"सुनेला सांगा," मी म्हणालो.

"सुनेला सांगितलं की सलीमला कळेल."

"मग कळू दे. मुलगाच आहे तुमचा."

चाचा उठले. "इतकी वर्षं कोणाला कळलं नाय," ते म्हणाले. त्या स्वरात मला पहिल्यांदाच थोडी मालकी ऐकू आली.

सलीम त्यांचा एकुलता एक मुलगा. ऐरोलीला मोठ्या टॉवरमध्ये राहतो. वाळू, सिमेंट पुरवण्याचा धंदा आहे आणि महापालिकेत निवडून जायची इच्छा आहे. दोन्ही गोष्टींमुळे त्याच्या मनगटावर आणि बोलण्यावर थोडं जास्तच वजन आलं आहे. पण तो दुष्ट नाही. एकदा लिफ्टमध्ये तो मला म्हणाला होता, "काका, माझ्या बापाचा आंब्याचा गाळा, आणि आम्ही चांगला हापूस खाल्ला तो शेजाऱ्यांकडे. घरी डागी यायचा. शाळेत पोरं मला कंजूषचा पोरगा म्हणायची." आपले वडील चिक्कू आहेत याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, आणि त्यांनी ती निर्माण होऊ दिली नव्हती.

त्या वर्षीच्या रमजानमध्ये सलीमने कोपरखैरण्याच्या मैदानात धान्यवाटप ठेवलं. मी गेलो होतो. स्टेज होतं, पांढरे अभ्रे घातलेले सोफे होते, आणि प्रत्येक पिशवीवर सलीमचा हसरा चेहरा छापलेला होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे रोजा धरलेल्या बायका उन्हात बसून राहिल्या आणि रोजा न धरलेले वक्ते पाणी पिऊन त्यागावर बोलले. रांगेत मला शमीम दिसली. अंगठा दाबायला हात उरला नव्हता, म्हणून ती तिथे होती. तिची पाळी आली तेव्हा फोटोवाला म्हणाला, "मावशी, पिशवी जरा वर धरा. नाव दिसू दे." तिने वर धरली. चाचा या कार्यक्रमाला आले नव्हते. गाळ्यावर काम आहे म्हणाले होते.

आठवडाभराने शमीम कामावर येईनाशी झाली. चाचांनी तिच्या शेजारी राहणाऱ्या एका माथाड्याला विचारलं. तो पाठीवरचं ओझं उतरवून म्हणाला, "तुमाला म्हायत नाय चाचा? तिची पोरगी कॉलेजला जायची बंद झालीय. बसस्टॉपच्या समोरच तिच्या आयचा फोटो लागलाय, ह्यो एवढा. पोरी हसल्या. आता म्हणते, शिकायचंच नाय. आय आन् लेक दोघीबी दार लावून बसल्यात."

पेटी उघडायची आकडी आणि सुरी चाचांनी पिशवीत टाकली, मला म्हणाले, "येता?" आणि आम्ही रिक्षाने कोपरखैरण्याला गेलो. चौकात फ्लेक्स होता. वर चाचांचा चेहरा, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. मध्ये सलीम, हात जोडलेला. उजव्या कोपऱ्यात पिशवी उंच धरलेली शमीम, आणि फोटो मोठा केल्यामुळे तिच्या कुडत्याची उसवलेली शिवणसुद्धा दिसत होती. समोरच्या विजेच्या दुकानातून चाचांनी शिडी मागितली. दुकानदार म्हणाला, "चाचा, परवानगी घेतलीय का? नंतर लफडं नको."

"वर थोबाड कोणाचं हाय?"

दुकानदाराने वर बघितलं, मग चाचांकडे. "तुमचंच की."

"मग परवानगी कोणाची मागू?"

मी शिडी धरली. एवढ्या वयात ते वर चढले आणि सुरीने शमीमचा तेवढा कोपरा कापून काढला. बाकीच्याला हात लावला नाही. तो तुकडा घडी घालून काखेत धरला, खाली उतरले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांना धाप लागली होती. वर बापलेक तसेच हसत होते, आणि त्यांच्या बाजूला एक चौकोनी भोक होतं, त्यातून मागची इमारत आणि तिच्या खिडकीत वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या.

संध्याकाळी इफ्तारनंतर सलीम आला. त्याला कोणीतरी फोटो पाठवला होता. मी उठू लागलो तर चाचा म्हणाले, "तुमी बसा."

"अब्बा, काय इज्जत राहिली माझी? लोक हसतायत."

"तुझी आज गेली. तिची आधी गेली होती."

"मी काय चोरी केली? वाटलंच ना? उघड दिलं तरी चांगलंच असतं, हे शिकायला तुम्हीच मला मदरशात पाठवलं होतं ना? एकाचं बघून दुसरा देतो."

"बरोबर हाय," चाचा म्हणाले. "उघड दे. स्टेजवर तू उभा रहा. तिला कशाला उभी केलीस? देऊन वर दुखवलं की काय राहतं माहीत हाय? खडकावर पसरलेली माती. एक जोराची सर आली की खडक कोरा. कोणाच्या हातात काय राहत नाय, देणाऱ्याच्या पण नाय."

सलीमचा आवाज चढला. "आणि तुम्ही? तुम्ही कधी कोणाला काय दिलं? कंजूष बापाचा पोरगा म्हणून वाढलो मी. म्हणून वाटतो, समजलं? म्हणून मोठा फोटो लावतो!"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर ओढला आणि म्हणाले, "हात दे."

"अब्बा, हे काय—"

"दे म्हणतो ना."

रुमालाखाली काय चाललं ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. "हा अंगठा. धान्य. हे पहिलं, औषध..." एकेक बोट ते सांगत गेले. सलीम आधी चिडलेला होता. मग त्याची मान खाली गेली. "अम्मीकडे बायका यायच्या..." तो म्हणाला.

"त्याच."

"आणि घरात डागी आंबे..."

"चांगले बाहेर जायचे."

"मला का नाय सांगितलं?"

चाचांच्या चेहऱ्यावर तोच पहिल्या पेटीवरचा भाव होता. "लोभ," ते म्हणाले. "सवाब, सगळं पुण्य मला एकट्याला पाहिजे होतं. आंबे वाटले रे मी. पण वाटायचं पुण्य कोणाला वाटलं नाय. तुला पण नाय. लपवतो, लपवतो म्हणत दाबून बसलो. भाडेकरू बघ कुठच्या खोलीत जाऊन बसला होता." आणि मग, फार थकून, "मी दमलो बाबा. आता तू धर."

दुसऱ्या दिवशी सलीमची बायको हातात काही न घेता शमीमच्या खोलीवर गेली. ओढणीखाली तिचा हात धरून बसली आणि कशी आहेस म्हणून विचारलं, इतकंच मला कळलं. शमीमने कोणतं बोट दाबलं ते सुनेने सासऱ्यांनाही सांगितलं नाही, आणि चाचा यावर फार खूश झाले. फ्लेक्स उतरला. काही दिवसांनी मुलगी कॉलेजला जाऊ लागली, पण बरेच दिवस ती एक थांबा पुढे चालत जाऊन बस धरायची. फ्लेक्स नसला तरी चौक तोच होता.

सलीम यामुळे साधू वगैरे झाला नाही. तिकिटासाठी अजून खेटे घालतो, अजून सोनं घालतो. फक्त आता सलाम करताना कधी कधी खिशातून रुमाल काढतो, आणि त्याचे कार्यकर्ते म्हणतात, साहेबांना घाम फार येतो.

चाचांची मूत्रपिंडं पुढच्या हिवाळ्यात थकली. वाशीच्या एका हॉस्पिटलात होते. मी भेटायला जात असे. ते हजारदा सांगितलेलं परत सांगत: माणसाला सोन्याने भरलेली एक दरी दिली तर तो दुसरी मागेल, त्याचं तोंड भरतं ते मातीनेच. "माझ्यासाठी आंब्याची बाग धरा," वर म्हणत. शेवटच्या दिवसांत नळी घातल्यामुळे तेही बंद झालं. एकदा मी गेलो तेव्हा सलीम पलंगाशी बसला होता. चाचांची बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती. सलीमला आधी कळलं नाही, मग कळलं. त्याने चादर वर ओढली आणि तिच्याखाली वडिलांचा हात धरला. इतकी वर्षं दुसऱ्यांनी ज्यांची बोटं दाबली, ते आता मुलाचं बोट दाबत होते. चादर किंचित हलली. सलीम म्हणाला, "हो अब्बा. होईल."

कोणतं बोट, ते मी विचारलं नाही. दफनाच्या वेळी मीही माती घातली. आमच्या भागात कोणीही गेलं, की तेरा तासांच्या आत चौकात त्याचा हसरा फोटो लागतो, खाली दुःखी लोकांचे त्याहून हसरे फोटो. चाचांचाही फ्लेक्स कार्यकर्त्यांनी तयार करून ठेवला होता, असं ऐकलं. तो लागला नाही. त्या आठवड्यात चौकात कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

या मोसमात मी एकदा गाळ्यावर गेलो. आता तिथे चाचा नाहीत म्हणून पाय जड होते, आणि वयानेही आहेत. सकाळचा गाळा आता सलीम बघतो; पहिली पेटी उघडत होती. सलीमने पेंढ्यात हात घातला, एक फळ काढलं, देठाशी नाक नेलं. तसाच उभा राहिला. मग मला बघून म्हणाला, "काका, फार तुटतं हो."

मी नजर वळवली. तो आंबा कोणत्या पेटीत गेला, मला माहीत नाही.